काकासाहेब कालेलकर : अनेक धर्मांच्या एका घराचा कर्ता

बेळगावच्या दक्षिण अंगाला वडगाव आणि शहापूर या जोडवस्त्या आहेत. हातमागावर, आणि पुढे यंत्रमागावर, जगलेल्या या गल्ल्यांत मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानावर पडतात. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, शेजारचे बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांच्या बालपणाचा बराच काळ या परिसरात गेला. शहराच्या पश्चिमेला बेळगुंदी हे त्यांच्या कुटुंबाचे गाव आणि त्याच्या शिवाराजवळून वाहणारी मार्कंडेय ही त्यांची बालमैत्रीण. या नदीला त्यांनी पुढे सखी म्हणूनच आपल्या लेखनात स्थान दिले.

जन्म मात्र साताऱ्याचा, १ डिसेंबर १८८५ चा. आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून आलेले. वडील सरकारी हिशेबखात्यात नोकरीला असल्यामुळे बिऱ्हाड सतत हलत राहिले. सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव आणि अधूनमधून एखादे लहानसे संस्थान असा हा प्रवास चाले. कारवारचा समुद्र आणि कुलदैवताच्या ओढीने घडलेले गोव्याचे दर्शन यांच्या आठवणी त्यांच्या ‘स्मरणयात्रा’ या पुस्तकात येतात. शाळा बदलली की शेजार बदले आणि शेजार बदलला की भाषाही बदले. परके असणे म्हणजे काय, हे या मुलाला फार लवकर कळले असावे. पुढे मराठी घरात जन्मलेला हा माणूस गुजराती गद्याचा एक शिल्पकार ठरला आणि गांधीजींनी त्यांना कौतुकाने सवाई गुजराती ही पदवी दिली. ज्या भूमीत भाषेच्या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या झुंजल्या, त्याच भूमीने असा माणूस दिला, याची आठवण बेळगावातही फारशी निघत नाही.

तरुणपणीचे कालेलकर शांततेचे उपासक नव्हते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०७ साली तत्त्वज्ञान घेऊन ते पदवीधर झाले, तेव्हा वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला होता आणि टिळकांच्या राष्ट्रीय पक्षाकडे तरुणांचा ओढा होता. बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवले, मुंबईच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकात काम केले. बेळगावचे गंगाधरराव देशपांडे हे या काळातले त्यांचे वडीलधारे सहकारी. गुप्त मंडळ्या, शस्त्रांची स्वप्ने आणि इंग्रजांविषयीचा धगधगता द्वेष या वातावरणातून तेव्हाचा क्वचितच एखादा बुद्धिमान तरुण अलिप्त राहिला असेल. कालेलकरही राहिले नाहीत.

१९१० साली ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. अरविंद घोष यांचे केंब्रिजपासूनचे स्नेही बॅरिस्टर केशवराव देशपांडे ही संस्था चालवत. तिच्या स्थापनेमागे राष्ट्रकार्यासाठी तरुण घडवण्याचा हेतू होता आणि सरकारचा तिच्यावर डोळा होता तो त्यामुळेच. पण या शाळेतली एक साधी प्रथा कालेलकरांना जन्मभर पुरली. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात घरचे नाते असावे म्हणून तेथे शिक्षकांना नात्याची नावे देत. फडके मामा झाले, हरिहर शर्मा अण्णा झाले आणि कालेलकर काका झाले. सरकारी संशयामुळे शाळा लवकरच बंद पडली, पण नावे राहिली. पुढे देशभर ज्यांना काकासाहेब म्हणून लोक ओळखू लागले, त्यांचे काकापण एका मोडलेल्या शाळेतून आलेले होते. ज्या संस्थेने लढाऊ तरुण घडवायचे ठरवले होते, तिने प्रत्यक्षात कुटुंब कसे उभारावे याचा धडा दिला, ही त्या संस्थेच्या चालकांनाही न सुचलेली फलश्रुती म्हणावी लागेल.

शाळा बंद पडल्यावर काकासाहेब खचले. १९१२ साली घरदार मागे ठेवून ते हिमालयाकडे निघाले. स्वामी आनंद या यात्रेत त्यांचे सोबती होते. पायी केलेल्या या दीर्घ भ्रमंतीतून गुजराती प्रवासवर्णनाचा एक मानदंड निर्माण झाला, ही साहित्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. जीवनाच्या दृष्टीने मात्र हिमालयाने त्यांना ठेवून घेतले नाही. मुक्ती एकट्याने मिळवायची की समाजात राहून, हा प्रश्न घेऊन ते खाली उतरले आणि फिरत फिरत रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिक्षक म्हणून दाखल झाले.

तेथे त्यांना उत्तर सापडले, आणि ते एका स्वयंपाकघरात. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमातली मुले मगनलाल गांधींसोबत तेव्हा शांतिनिकेतनात पाहुणी होती. ही मुले पहाटे उठत, स्वतःचे अन्न स्वतः शिजवत, अंगमेहनतीचे काम करत आणि एकत्र प्रार्थना म्हणत. काकासाहेब त्यांच्यात जाऊन मिसळले, त्यांच्याबरोबर जेवू लागले, त्यांच्या श्रमात सामील झाले. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी गांधीजी स्वतः तेथे पोचले. गोखल्यांच्या निधनामुळे त्यांना लगेच पुण्याला जावे लागले, पण मार्च महिन्यात ते परतले आणि आचारी व नोकर यांच्यावाचून सगळी कामे विद्यार्थी-शिक्षकांनीच करावीत असा प्रयोग सुरू झाला. भांडी घासणाऱ्यांचा कंटाळा जावा म्हणून काही विद्यार्थी शेजारी बसून सतार वाजवत. प्रयोग फार दिवस टिकला नाही. मात्र काकासाहेबांच्या मनातील गाठ सुटली. एकाच चुलीवरचे अन्न, एकाच विहिरीचे पाणी आणि सगळ्यांनी मिळून उपसलेली घाण यांतून माणसे जितकी जवळ येतात तितकी व्याख्यानांतून येत नाहीत, हे त्यांनी तेथे पाहिले. त्यांच्या पुढच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक निवडीच्या मुळाशी हा अनुभव दिसतो.

अहमदाबादच्या सत्याग्रहाश्रमात ते आले तेव्हा तो आश्रम एका कठीण परीक्षेतून बाहेर पडलेला होता. १९१५ च्या सप्टेंबरात दुदाभाई, दानीबेन आणि त्यांची तान्ही मुलगी लक्ष्मी या अस्पृश्य कुटुंबाला गांधीजींनी आश्रमात घेतले आणि देणग्या बंद पडल्या. आश्रम अस्पृश्य वस्तीत हलवण्याची वेळ आली असताना एका गिरणीमालकाने गुपचूप १३ हजार रुपये आणून दिले. साबरमतीच्या काठी हा आश्रम स्थिरावला, तेव्हा तेथे इमामसाहेब अब्दुल कादिर बावझीर हे दक्षिण आफ्रिकेपासूनचे सहकारी सहकुटुंब राहत होते. नमाज आणि गीतापाठ एकाच आवारात चालत. आश्रमाच्या शाळेत विनोबा, किशोरलाल मशरूवाला, नरहरी पारीख यांच्या जोडीला काकासाहेब शिकवू लागले. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी सिद्ध केलेल्या भजनावलीत मराठी संतांची पदे आली, त्यामागे या मराठी मंडळींची उपस्थिती होतीच.

असे सहजीवन दुरून रम्य दिसते. आत राहणाऱ्यांना ते जड जाते. कोण काय खातो, कोणाचा स्पर्श कोणाला चालतो, कोणाची प्रार्थना किती लांबते, अशा बारीकसारीक गोष्टींवर मने दुखावत. साबरमतीच्या पत्रव्यवहारात या कुरबुरींचा पाऊस आहे. काकासाहेबांचे मोठेपण असे की या कुरबुरींना त्यांनी शिक्षणाचेच साहित्य मानले. धर्माचा खरा अभ्यास ग्रंथालयापेक्षा पंक्तीत अधिक होतो, ही त्यांची धारणा पक्की झाली.

गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात झाले, हे सीमाभागातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. गंगाधरराव देशपांडे यांनी वडगाव-शहापूरपासून दूर नसलेल्या टिळकवाडीच्या माळावर विजयनगर नावाची नगरी वसवली. तेथील काँग्रेस विहीर आजही आहे. त्या नगरीत तरुण स्वयंसेवकांनी, आणि त्यांत ब्राह्मण घरांतील तरुणांनीही, शौचकूप साफ केले, ही गोष्ट मात्र विहिरीइतकी लक्षात राहिलेली नाही. शांतिनिकेतनच्या स्वयंपाकघरातली पद्धत दहा वर्षांच्या आत काकासाहेबांच्या स्वतःच्या गावी पोचली होती.

तरुणांसाठी त्यांनी केलेले सर्वांत मोठे काम गुजरात विद्यापीठातले. १९२० साली असहकाराच्या लाटेत ही संस्था जन्मली. सरकारी महाविद्यालये सोडून आलेल्या तरुणांना तेथे आसरा मिळाला. तिच्या पुरातत्त्व मंदिरात एकाच छताखाली जैन विद्येचे पंडित सुखलालजी आणि बौद्ध विद्येचे धर्मानंद कोसंबी होते. कोसंबी हे गोव्यातील सांखवाळचे. बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालणारा हा गोमंतकीय आणि हिमालय पायी तुडवून आलेला बेळगावकर, असे दोघे सारस्वत तेथे भेटले आणि त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. विद्यापीठाचे कुलनायकपद १९२८ पासून काकासाहेबांकडे आले.

१९३० च्या मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली, त्याआधी विद्यापीठातील विद्यार्थ्यांची एक तुकडी पुढच्या गावांत जाऊन पोचत असे. तिला अरुण टुकडी म्हणत. यात्रेच्या मुक्कामाची सोय पाहणे हे तिचे एक काम. दुसरे काम प्रत्येक गावाची माहिती गोळा करण्याचे होते. गावात हिंदू किती, मुसलमान किती, पारशी आणि ख्रिस्ती किती, अस्पृश्यांची स्थिती काय, चरखे किती चालतात, गुरे किती, अशी ती नोंद असे. मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी आपण ज्यांच्या नावाने लढतो ते लोक कोण आहेत हे तरुणांनी दारोदार फिरून पाहावे, यात मोठे शहाणपण होते. घोषणा देणाऱ्या तरुणाला आधी मोजणी करायला लावणारी चळवळ त्यानंतर क्वचितच दिसली. काकासाहेबांचे मुलगेही दांडीच्या वाटेवर चालले.

त्याच वर्षी काकासाहेब येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सोबती म्हणून काही महिने राहिले. तेथून गांधीजी दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर आश्रमाच्या व्रतांवर एकेक पत्र लिहीत. तीच पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूप झाली. इतर धर्मांविषयीच्या व्रताशी आल्यावर शब्द अडला. सहिष्णुता हा शब्द गांधीजींना पटत नव्हता, कारण सहन करणारा स्वतःला वरचढ समजतो. काकासाहेबांनाही तो रुचत नव्हता. त्यांनी सर्वधर्म-आदर असा पर्याय सुचवला. गांधीजींना त्यातही उपकाराची छटा दिसली. या शोधातून सर्वधर्मसमभाव हा शब्द पुढे आला. आज भाषणांत, निवडणुकीच्या पत्रकांत आणि पाठ्यपुस्तकांत हा शब्द इतका झिजला आहे की तो तुरुंगातल्या पहाटेच्या विचारमंथनातून घडला होता, हे ध्यानातही येत नाही. काकासाहेबांचे समाधान मात्र तेथेही झाले नाही. समभाव ही मनाची अवस्था झाली, पण तिच्यातून घडावे काय, हा प्रश्न उरतोच. धर्मांनी एकमेकांपासून घ्यावे, एकमेकांना द्यावे आणि त्यांच्या अनुयायांनी एकत्र जगावे, यासाठी त्यांनी समन्वय हा शब्द निवडला आणि उरलेली पन्नास वर्षे तो सोडला नाही.

त्यानंतरच्या सत्याग्रहपर्वात त्यांना स्वतःच्या गावाजवळच्या हिंडलगा तुरुंगातही राहावे लागले. ‘हिंडलग्याचा प्रसाद’ हे मराठी पुस्तक त्या वास्तव्याचे फळ. लहानपणी ज्या मुलखात मार्कंडेयच्या काठी हिंडायचे, त्याच मुलखात कोंडून घेतल्यावर निघालेल्या पुस्तकाला त्यांनी प्रसाद म्हणावे, यात त्यांचा स्वभाव आला.

पुढे ते वर्ध्याला गेले आणि राष्ट्रभाषा प्रचाराच्या कामाने त्यांना आसामपासून दक्षिणेपर्यंत हिंडवले. १९४२ साली गांधीजींनी हिंदुस्थानी प्रचार सभा काढली. हिंदू आणि मुसलमान दोघांना आपली वाटेल अशी सोपी बोली, नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत शिकवावी, ही तिची भूमिका. काकासाहेबांनी ती अंगावर घेतली आणि दोन्हीकडचे टोमणे सोसले. शुद्ध हिंदीचे कैवारी त्यांना उर्दूधार्जिणे म्हणत, उर्दूचे अभिमानी त्यांच्या नागरीकडे संशयाने पाहत. फाळणीने या कामाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीने नागरी लिपीतील हिंदी स्वीकारली आणि दोन लिप्यांचे स्वप्न कागदावरूनही पुसले गेले. गांधीजींची हत्या होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्रेसष्ट वर्षांचा माणूस या टप्प्यावर निराश झाला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता.

काकासाहेबांनी काम लहान केले आणि पुन्हा घरापासून आरंभ केला. या घरातील एक ठळक व्यक्ती म्हणजे रेहाना तय्यबजी. बडोद्याचे माजी न्यायाधीश आणि १९३० च्या सत्याग्रहात गांधीजींच्या अटकेनंतर नेतृत्व घेणारे अब्बास तय्यबजी यांची ही कन्या. जन्माने आणि निष्ठेने मुसलमान, आणि तरीही कृष्णभक्तीत बुडालेली. गोपीच्या हृदयावर तिने लिहिलेले छोटे इंग्रजी पुस्तक पुष्कळ गाजले. सेवाग्रामच्या प्रार्थनेत कुराणातील आयती आल्या त्या रेहानाबेनमुळे. त्याच प्रार्थनेत एका जपानी भिक्षूमुळे बौद्ध मंत्रही आला. वर्ध्याहून दिल्लीला आल्यावर राजघाटाजवळच्या ‘सन्निधी’ या निवासात काकासाहेब, रेहानाबेन आणि सरोज नानावटी यांचे एकत्र कुटुंब नांदले. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, आणि घर मात्र एक. फाळणीनंतरच्या दिल्लीत, निर्वासितांच्या छावण्यांच्या आठवणी ताज्या असताना, असे घर चालवणे ही लहान गोष्ट नव्हती. देशाने जे नाकारले ते आपल्या चार भिंतींत शक्य आहे, एवढे या घराने वर्षानुवर्षे दाखवले.

या घराकडे तरुण येत राहिले. त्यांत कुंकळ्ळीचा एक गोमंतकीय होता. लोहियांच्या १८ जून १९४६ च्या हाकेने पेटलेल्या पिढीतले रवींद्र केळेकर १९४९ साली वर्ध्याला काकासाहेबांकडे गेले आणि पुढची काही वर्षे त्यांच्या सान्निध्यात राहिले. सालाझारशाहीविषयी मनात संताप घेऊन गेलेला हा तरुण गांधीविचाराचा अभ्यासक होऊन परतला. पुढे त्यांनी कोकणीची बाजू घेतली आणि गोव्यातील मराठीच्या अभिमान्यांशी त्यांचे उभे वाद झाले, ते येथील वाचकांना सांगायला नकोत. बेळगावच्या मराठी माणसाच्या हाताखाली तयार झालेला गोमंतकीय कोकणीचा ज्ञानपीठविजेता होतो, यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी. काकासाहेबांनी स्वतः मातृभाषेवर प्रेम करत परभाषेला घर मानले होते. शिष्याने कोणती भाषा निवडावी हे त्यांनी ठरवले असते तर तेच नवल ठरले असते.

राज्यसभेचे सदस्यत्व १९५२ पासून १९६४ पर्यंत, १९६४ चे पद्मविभूषण, ‘जीवन-व्यवस्था’ या गुजराती निबंधसंग्रहाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार, या गोष्टी त्यांच्या चरित्रात येतात आणि जातात. पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद मात्र असे ओलांडून जाता येत नाही. १९५३ साली नेमलेल्या या आयोगाने दोन वर्षांनी अहवाल दिला, २,३९९ जाती-जमाती मागास ठरवल्या आणि त्यांतील ८३७ अतिमागास मानल्या. अहवाल राष्ट्रपतींना पाठवताना मात्र अध्यक्षांनीच सोबतच्या पत्रात जातीच्या आधारावर मागासलेपण ठरवण्याला विरोध नोंदवला. अहवाल बासनात गेला आणि मागास समाजांना पुढची कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. येथे काकासाहेबांचे बळ हीच त्यांची मर्यादा ठरली. स्वतःच्या घरात, आश्रमात, पंक्तीत त्यांनी जात विरघळताना पाहिली होती. ज्यांना त्या पंक्तीत कधी बोलावणेच आले नाही, त्यांच्यासाठी जातीची नोंद हाच न्यायाचा पहिला कागद असतो, हे त्या पत्रापुरते तरी त्यांच्या नजरेतून सुटले.

उतारवयातही त्यांचे पाय थांबले नाहीत. पूर्व आफ्रिका पाहून झाली, जपानच्या तर अनेक फेऱ्या झाल्या. अणुबाँबने होरपळलेल्या त्या देशातील बौद्ध भिक्षूंच्या शांतिकार्याशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध जडला. विश्व समन्वय संघाची कल्पना त्यांनी याच काळात मांडली. ‘मंगल प्रभात’ हे येरवड्यातील आठवणीचे नाव त्यांनी आपल्या हिंदी नियतकालिकाला दिले आणि त्यातून धर्म, भाषा, नद्या, तारे अशा कशावरही ते लिहीत राहिले. नक्षत्रे ओळखणे हा त्यांचा जुना छंद. आश्रमातील आणि तुरुंगातील कितीतरी तरुणांना त्यांनी रात्री अंगणात उभे करून आकाश शिकवले होते.

१९७५ साली रेहानाबेन गेल्या. २१ ऑगस्ट १९८१ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, दिल्लीतच काकासाहेबांचे निधन झाले.